पाणी बीओडीत पास, पण हार्मोनचं काय? सोलापुरात सांडपाण्यातला हार्मोन शोधायचा आणि कमी करायचा कसा

एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) रिपोर्ट हातात आला की आपण काय बघतो, बीओडी किती, सीओडी किती (दोन्ही पाण्यातल्या घाणीचं माप), टीएसएस (तरंगता गाळ), पीएच, कॉलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू). सगळं मर्यादेत असलं की पाणी पास, विषय संपला. मीपण बरीच वर्षं असंच बघत आलो. पण त्या कागदावर हार्मोनचा, म्हणजे इथं मुख्यतः एस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा, रकानाच नाहीये. केंद्राने २०१७ ला एसटीपीसाठी जे नियम काढले त्यात नाही, पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्येपण एस्ट्रोजेनचं नाव नाही, मग जे मोजलंच नाही ते पास का नापास कोण सांगणार.

हे मी कॉलेजच्या पोरांसाठी, सोसायटीच्या कमिटीवाल्यांसाठी, सीना नदीकाठच्या शेतकऱ्यांसाठी आणि डाय हाऊसवाल्यांसाठी (सूत-कापड रंगवणाऱ्यांसाठी) लिहितोय. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो: नवीन महागडी मशीन मागायच्या आधी आहे तो प्लांट चोवीस तास नीट हवा देऊन चालवला, आणि त्यातला गाळ (घाण खाणारे जिवाणू यातच असतात) पुरेसे दिवस टाकीत ठेवला, तर बराचसा हार्मोन तिथंच संपतो. आणि प्लांट तसा चालतोय का हे बघायला सुरुवातीला मोठी टेस्टपण लागत नाही.

हा येतो कुठून

लोकांना वाटतं गर्भनिरोधक गोळ्यांमुळे येतो. अर्धीच गोष्ट आहे ती. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या लघवीतून, बाई असो की पुरुष, एस्ट्रोन, एस्ट्राडायॉल, एस्ट्रिऑल हे नैसर्गिक हार्मोन रोज बाहेर पडतात. गरोदर बाईच्या लघवीतून तर कितीतरी पटीने जास्त. गोळीतला जो आहे तो एथिनिलएस्ट्राडायॉल, माला-डीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम असतो, तो प्रमाणात कमी पण चिवट, लवकर तुटत नाही आणि माशांवर सगळ्यात जास्त चालतो. (सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘छाया’ गोळीत हा नसतोच, ती वेगळ्या औषधाची आहे.) म्हणून हात जोडून सांगतो, हा लेख वाचून घरात कोणाची गोळी बंद करायला लावू नका. पुढं हिशोब दिलाय तो बघा, मग कळेल.

दुसरा मार्ग गोठ्यांचा. गाभण म्हशीच्या शेणामुतात एस्ट्रोजेन भरपूर असतं आणि गोठा धुतलेलं पाणी बहुतेक ठिकाणी सरळ नाल्यात जातं, प्रक्रिया वगैरे काही नाही.

तिसरा मार्ग आपल्या सोलापूरचा खास, आणि याच्यावर बोलणारे लय कमी. चादर, टॉवेल, नॅपकिन. सूत स्कावर करायला (मळ-मेण काढायला), रंगवायला, सोपिंगला (रंगल्यावर धुवायला) जे वेटिंग एजंट (सूत पटकन भिजवणारं रसायन) आणि डिटर्जंट वापरतात त्यातल्या स्वस्त मालात नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट असतं. ते स्वतः फारसं हार्मोनसारखं वागत नाही, पण गटारात आणि एसटीपीत जिवाणू त्याची साखळी कुरतडत आणतात आणि शेवटी उरतं नॉनिलफिनॉल, जे शरीरात गेल्यावर एस्ट्रोजेनची नक्कल करतं. ताकद एस्ट्राडायॉलपेक्षा हजारो पटीने कमी, पण पाण्यात असतं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे नॅनोग्रॅमच्या हजारपट, त्यामुळे हिशोब बरोबरीला येऊ शकतो.

आता एक गंमत नाही, काळजीची गोष्ट. आपलं लिव्हर हार्मोनला ग्लुकुरोनाइडची नाहीतर सल्फेटची शेपटी लावून निकामी करून बाहेर टाकतं. म्हणजे संडासातून जाताना तो झोपलेला असतो. पण गटारात ई. कोलायसारखे जिवाणू असतात ना, ते एन्झाइमने ती ग्लुकुरोनाइडची शेपटी तोडतात आणि हार्मोन परत जागा होतो. शहराच्या एका टोकापासून प्लांटपर्यंत पाणी पोचेस्तोवर बरंच काम होऊन गेलेलं असतं. यामुळे कधीकधी इनलेटपेक्षा (प्लांटमध्ये येणाऱ्या पाण्यापेक्षा) आउटलेटला (बाहेर पडणाऱ्या पाण्यात) एस्ट्रोन जास्त येतो, शिवाय एस्ट्राडायॉलचापण एस्ट्रोनच होतो. असा रिपोर्ट आला तर लगेच लॅब चुकली म्हणू नका.

किती असला तर वाईट

कॅनडात ओंटारिओमध्ये एका अख्ख्या तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे शास्त्रज्ञांनी मुद्दाम एथिनिलएस्ट्राडायॉल सोडलं, लिटरला फक्त ५-६ नॅनोग्रॅम. तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाचे नर अंड्यातल्या बलकाचं प्रथिन बनवायला लागले, पिल्लं होईनात, आणि मासा जवळजवळ संपला. २००७ ला तो अभ्यास छापून आला. इंग्लंडच्या नद्यांत एसटीपीच्या खालच्या अंगाला रोच माशाच्या नरांच्या वृषणात अंडी सापडली ती त्याच्याही आधी, १९९८ ला. युरोपियन कमिशनने २०१२ ला नदीसाठी जी मर्यादा सुचवली ती एथिनिलएस्ट्राडायॉलला ०.०३५ आणि एस्ट्राडायॉलला ०.४ नॅनोग्रॅम प्रति लिटर. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

माणसाचं काय, तर हिशोब करू. एका गोळीत ३०,००० नॅनोग्रॅम. समजा पिण्याच्या पाण्यात लिटरला १ नॅनोग्रॅम आहे आणि तुम्ही दिवसाला ३ लिटर पिता, तर एका गोळीइतका व्हायला १०,००० दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षं. घाबरायचं कारण नाही. पण मासा त्याच पाण्यात चोवीस तास राहतो, कल्ल्यातून तेच पाणी फिरवतो, त्याला सुट्टी नाही. म्हणून हा प्रश्न मुख्यतः नदीचा आहे, प्यायच्या ग्लासाचा नंतर.

पहिलं काम: नकाशा काढा

एक कागद घ्या आणि पाणी कुठून कुठं जातं ते काढा. मोबाईलवर नको, हाताने काढा, डोक्यात बसतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनीत, आणि उजनीचं पाणी पाइपलाइनने आणि नदीने टाकळीपर्यंत येऊन आपल्या नळाला. नदीच्या वाटेवर मध्ये पंढरपूर आहे. आपलं शहर आदिला नाल्याच्या खोऱ्यात, त्याचा उतार सीनेकडं. लांबोटीला सीना शहराच्या वर, वडकबाळला शहराच्या खाली, आणि पुढं हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. म्हणजे पुण्याचं आपल्याकडं आणि आपलं कर्नाटकाकडं.

नकाशावर एसटीपी, गोठे, डाय हाऊस, मोठे दवाखाने, नाल्यावर मोटर टाकून गवत-भाजी करणारी शेतं, सगळं मांडा. एक रविवार पुरतो.

दुसरं काम: अमोनिया बघा, हे फुकटाच्या जवळ आहे

इथं मी जरा जास्त वेळ घेणार कारण सगळ्यात कामाचं हेच आहे.

अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू हळू वाढतात. त्यांना भरपूर हवा लागते आणि टाकीत बरेच दिवस राहायला मिळावं लागतं. हार्मोन तोडायला जे जिवाणू उपयोगी पडतात त्यांनाही साधारण हीच परिस्थिती लागते. म्हणून ज्या प्लांटमध्ये अमोनिया नीट उतरतो तिथं एस्ट्रोजेनपण चांगला उतरतो, आणि जिथं आउटलेटला अमोनिया तसाच असतो तिथं हार्मोनपण निसटतोय असं धरून चालायचं. हार्मोनची टेस्ट महाग, अमोनियाचं किट फिशटँकच्या दुकानात मिळतं.

एका हाऊसिंग सोसायटीच्या छोट्या एसटीपीवर आम्ही हे केलं. ऑपरेटर तिशीतला पोरगा, त्याने एक लिटरच्या मापाच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरलं, कठड्यावर ठेवलं आणि मोबाईलचा टॉर्च मागून धरला. अर्ध्या तासात गाळ बसून वर स्वच्छ पाणी यायला पाहिजे, तर वर पिवळसर गढूळ आणि खाली काळपट बुरशीसारखा थर, वास अंड्यासारखा. आउटलेटचं पाणी किटच्या टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन थेंब टाकले तर पाच मिनिटांत गडद हिरवं, म्हणजे अमोनिया भरपूर. विचारलं तर कळलं की रात्री दहा ते सकाळी सहा ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) बंद, लाइट बिल वाचवायला. आठ तास जिवाणू घुसमटतात आणि सकाळी सगळ्यांची आंघोळ एकदम येते. कमिटीला समजावून ब्लोअर रात्री आलटून पालटून चालू ठेवायला लावला, गाळ काढणं कमी केलं, आणि साधारण तीन आठवड्यांनी तीच ट्यूब पिवळी, म्हणजे अमोनिया उतरला. गाळ तपकिरी झाला, वास गेला. त्या वेळी हार्मोन मोजायला पैसे नव्हते आमच्याकडं, पण अमोनिया उतरला हे डोळ्याने बघितलं.

किट वापरताना आउटलेटचा अमोनिया लिटरला १-२ मिलिग्रॅमच्या आत असला तर चांगलं. आठवडाभर रोज एकाच वेळेला आणि दोनदा तरी पहाटे घ्या, रात्रीचा घोळ पहाटेच दिसतो.

तिसरं काम: गाळाचं वय काढा

गाळाचं वय म्हणजे गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो. ऑपरेटरकडून तीन आकडे घ्या: हवेच्या टाकीचं आकारमान, एमएलएसएस (टाकीतल्या लिटरभर पाण्यात किती गाळ आहे), आणि रोज किती सुका गाळ बाहेर काढतात. उदाहरण म्हणून, टाकी ५,००० घनमीटर, एमएलएसएस ३,००० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे टाकीत १५,००० किलो गाळ. रोज १,००० किलो काढला तर गाळाचं वय १५ दिवस. दहा दिवसांच्या वर असेल तर एस्ट्रोन-एस्ट्राडायॉल बऱ्यापैकी तुटतात, नीट चाललेल्या प्लांटमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर जातात, एथिनिलएस्ट्राडायॉल मात्र तेव्हाही कमी-जास्त राहतो. वय चार-पाच दिवसच असेल तर बीओडी पास होतो, पण हार्मोनला पुरेसा वेळ मिळत नाही. बीओडी पास आणि हार्मोन नापास हे असं होतं.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. युरोपात हिवाळ्यात सांडपाणी दहा-बारा डिग्रीला येतं आणि जिवाणू थंड पडतात. आपल्याकडं वर्षभर कोमट पाणी, उन्हाळ्यात तर विचारूच नका. तेवढ्याच टाकीत आपले जिवाणू जास्त जोरात काम करतात, फक्त हवा मिळाली पाहिजे, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

महापालिकेच्या प्लांटचे आकडे असे तोंडी मिळतीलच असं नाही. माहिती अधिकाराचा साधा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. ‘प्लांटची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. मागच्या सहा महिन्यांचा एमएलएसएस, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), रोज काढलेला गाळ, इनलेट-आउटलेट अमोनिया, ब्लोअरचे चालू तास, आणि वीज गेल्यावर किती वेळ बंद होता, हे असं एकेक लिहा.

चौथं काम: खरं सँपल

अमोनिया आणि गाळ बघून झाल्यावरच इकडं या. लागतं एलसी-एमएस/एमएस, म्हणजे अगदी सूक्ष्म अंश मोजणारं मशीन. डाळिंब-द्राक्षं एक्स्पोर्ट करणाऱ्यांना हे नाव पाठ असेल, रेसिड्यू टेस्ट त्याच प्रकारच्या मशीनवर होते. पण मशीन आहे म्हणून लॅब हार्मोन करते असं नाही, एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) वेबसाइटवर त्या लॅबचा स्कोप, म्हणजे मान्यता असलेल्या टेस्टची यादी, उघडून सांडपाण्यातले एस्ट्रोजेन आहेत का बघा.

आणि पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न विचारा: तुमचं एलओक्यू किती? म्हणजे कमीत कमी किती मोजता येतं. लॅब म्हणाली १० नॅनोग्रॅम, तर ‘आढळलं नाही’ असा रिपोर्ट येईल आणि त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण कॅनडातला मासा ५-६ वरच संपला होता. एस्ट्रोन-एस्ट्राडायॉलला १ च्या खाली जाणारी लॅब शोधा. ०.०३५ पर्यंत मोजणं भल्याभल्या लॅबला जमत नाही, तेव्हा एथिनिलएस्ट्राडायॉल ‘आढळलं नाही’ म्हणजे नाहीच असं समजू नका.

बाटली काचेची, गडद तपकिरी. प्लास्टिक चालत नाही. पहिल्या वेळी आमचा अख्खा दिवस वाया गेला तो बाटलीमुळे. काचेच्याच होत्या, पण पोरांनी प्रामाणिकपणे घरून भांड्याच्या साबणाने घासून आणल्या. सोबत एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची ठेवली होती, फील्ड ब्लँक म्हणतात, तिच्यातच नॉनिलफिनॉल निघालं. सगळी सँपल बाद. ब्लँक नसती तर आम्ही तो आकडा नाल्याच्या नावावर टाकून मोकळे झालो असतो. तेव्हापासून साबण बंद, बाटल्या मेथनॉलने खळबळून घेतो, आणि ब्लँकशिवाय घराबाहेर पडत नाही.

कुठं घ्यायचं: प्लांटचा इनलेट, आउटलेट, नाल्यात प्रक्रिया केलेलं पाणी मिसळायच्या वर, सीनेत लांबोटीला, आणि सीनेत वडकबाळला. पाच जागा आणि एक ब्लँक. प्लांटमध्ये परवानगीशिवाय जाऊ नका. मॅनहोलमध्ये कोणीही, कुठल्याही कारणाने उतरायचं नाही, दोरीने बादली सोडायची. ग्लोव्हज घालायचे.

कधी घ्यायचं, हे सोलापुरात वेगळं आहे. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी भागात पाणी येतं त्या दिवशी धुणी, भांडी, टाक्या, सगळं एकदम, गटार भरून वाहतं आणि हार्मोन पातळ होतो, पाणी नसलेल्या दिवशी तेच घट्ट. एकच सँपल घेतलं तर तुम्ही नळाचं वेळापत्रक मोजताय, हार्मोन नाही. म्हणून चोवीस तास दर दोन तासांनी थोडं थोडं घेऊन एकत्र करा, आणि असे पाणी आलेला एक दिवस आणि न आलेला एक दिवस असे दोन संच तरी करा. अवकाळी पाऊस झाला तर पुढं ढकला. बर्फाच्या पेटीत ४ डिग्रीला ठेवून शक्यतो दुसऱ्या दिवशी लॅबला पोचवा, ॲसिड घालायचं का ते लॅबलाच विचारा.

पाचवं काम: आकडा वाचणं

फक्त घट्टपणा बघू नका, रोजचा एकूण भार काढा. सोपं सूत्र आहे: १ एमएलडी (दिवसाला दहा लाख लिटर) पाण्यात लिटरला १ नॅनोग्रॅम म्हणजे दिवसाला १ मिलिग्रॅम. समजा नाल्यातून १० एमएलडी पाणी ५ नॅनोग्रॅमने सीनेत आलं आणि सीनेत त्या दिवशी ४० एमएलडी पाणी ०.५ ने वाहतंय, तर मिसळून (५० + २०) भागिले ५०, म्हणजे १.४. हे पावसाळ्यानंतरचं. एप्रिल-मेमध्ये वरून पाणीच नसतं तेव्हा नाला हीच नदी, ५ चे ५ च राहतात. मे महिन्याचा आकडा खरा धरा.

तळ्यात उन्हाळ्यात मासे मरून तरंगले की लगेच हार्मोन म्हणू नका, ते बहुतेक ऑक्सिजन संपल्यामुळे. हार्मोनने मासा मरत नाही, त्याची पुढची पिढी होत नाही. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आहेत ना, त्यांच्या नराचा नारंगी रंग एस्ट्रोजेनने फिका पडतो असं प्रयोगांत दिसलंय. शाळेतल्या पोरांना चांगल्या विहिरीतले आणि नाल्यातले गप्पी शेजारी शेजारी ठेवून बघायला द्या. पुरावा नव्हे तो, पण बघण्यासारखं आहे.

कमी कसा करायचा

प्लांटचं वर सांगितलंच. त्याच्यानंतर जागा असेल तिथं उथळ तळं, पाणी दोन-तीन दिवस उन्हात राहील असं, उन्हाने एस्ट्रोजेन तुटतो आणि ऊन आपल्याकडं कमी नाही. ओझोन आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन हा पक्का उपाय आहे, स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या प्लांटना असला टप्पा जोडायला घेतला, पण रात्री ब्लोअर बंद ठेवणाऱ्या प्लांटला पुढं ओझोन जोडणं म्हणजे गळक्या बादलीला सोन्याची कडी. क्लोरीनवर भिस्त ठेवू नका, त्याने हार्मोनची वेगळीच संयुगं बनतात. घरात उकळून काही होत नाही, कार्बन आणि आरओने बऱ्यापैकी अडतो.

डाय हाऊसवाल्यांनी सप्लायरकडून वेटिंग एजंट, सोपिंग आणि सॉफ्टनरसाठी ‘एपीईओ-फ्री’ (नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट ज्या गटातलं आहे तो गटच नाही) असं लेखी घ्या, तोंडी नको. युरोपात फेब्रुवारी २०२१ पासून धुता येणाऱ्या कापडात नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट वजनाच्या ०.०१ टक्का किंवा जास्त चालत नाही, त्यामुळे एक्स्पोर्टच्या टॉवेलवाल्यांनी हे केलेलंच असतं. माझी कळकळीची विनंती लोकल मार्केटचा माल रंगवणाऱ्यांना आहे, कारण तो टॉवेल आपल्याच घरात धुतला जातो आणि पाणी आपल्याच नाल्यात येतं.

घरात उरलेल्या हार्मोनच्या गोळ्या, जेल, पॅच संडासात टाकू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत एक्स्पायर औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, वेगळी पिशवी करून तसं सांगून घंटागाडीला द्या. गोठेवाल्यांनी गोठ्याचं पाणी शोषखड्ड्यात नाहीतर शेतात घ्यावं, शेणाचा ढीग ओढ्यापासून लांब आणि नीट कुजवून वापरावा.

आणि एसटीपीचा गाळ. पाण्यातून गेलेला हार्मोन सगळा तुटत नाही, काही गाळाला चिकटतो, नॉनिलफिनॉल तर जास्तच. तो ओला गाळ शेतकरी खत म्हणून ट्रॉलीने नेतात. न्या, पण आधी हवेशीर ढीग करून दोन-तीन महिने पलटी मारत कुजवा, बंद टाकीत कुजवलेल्यात हे नीट तुटत नाहीत. विहिरीच्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला तर तो टाकूच नका.

सगळे आकडे एका वहीत तारखेसकट, त्या दिवशी नळाला पाणी होतं का नव्हतं तेपण लिहून. रिपोर्ट आला की एक कॉपी महापालिकेला, एक प्रदूषण मंडळाच्या ऑफिसला पोच घेऊन, आणि एक वडकबाळ आणि कुडलच्या ग्रामपंचायतीला नक्की द्या, त्यांची जनावरं तेच पाणी पितात आणि त्यांच्याकडं हा कागद दुसऱ्या कुठून येणार नाही.